दोन सेंटीमीटर जास्त

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या घरात फ्रिजच्या बाजूला सात हूक होते. कंपनीच्या घरात भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, म्हणून चिकटवायचे. वर्षभर त्यांच्यावर एखादं फडकं, चहाची गाळणी, एवढंच असायचं. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली की मात्र ते भरून जायचे. समोरचे केरळी डॉक्टर यायचे, कोपऱ्यावरच्या गुजराती बाई यायच्या, साठेकाकू यायच्या आणि दारातूनच आईला विचारायच्या, "तुम्ही इथंच आहात ना?" आम्ही इथंच असायचो. मग किल्ली आईच्या हातात पडायची आणि हुकावर जायची. कुणी स्वित्झर्लंडला, कुणी ऑस्ट्रियाला, कुणी आणखी कुठं. सात घरांच्या झाडांना पाणी घालायचं काम माझं होतं.

त्या सुट्ट्यांतले दिवस मला आजही वासासकट आठवतात. बंद घराचा वास, थांबलेल्या हवेचा. मी एकेक दार उघडायची, तुळशीला पाणी घालायची, कढीपत्त्याला घालायची, गुजराती बाईंच्या माशांना चिमूटभर खाणं टाकायची आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलायची, कारण दिवसभरात बोलायला दुसरं कुणी नसायचं. गल्लीत एकही सायकल नाही. शमाल, म्हणजे तिथला उत्तरेचा वारा, सुटला की उंबऱ्यांवर बारीक वाळू साठायची. मी त्यात बोटानं माझं नाव लिहायची आणि दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं असायचं. साठ्यांच्या कोठीच्या खोलीत त्यांच्या ईशाचा बर्फात घालायचा जुना चष्मा टांगलेला असे. मोठा, केशरी काचेचा. मी तो घालून आरशासमोर उभी राहायची. सगळं घर केशरी दिसायचं, मीसुद्धा. ईशा माझ्याच वर्गात होती. मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. सुट्टी संपल्यावर डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराचा गोरा पट्टा आणि बाकी चेहरा रापलेला, अशी ती शाळेत यायची, आणि तिच्यासारख्याच पाचसहा जणी. डबा खाताना त्यांचं बोलणं सुरू झालं की मी पाणी प्यायला उठायची.

आमच्या घरी पहाट भाकरीच्या आवाजानं व्हायची. अप्पांची बस पावणेपाचला रास लफ्फानच्या गॅस कारखान्याकडे निघायची, त्याआधी आई ज्वारीच्या भाकऱ्या थापायची. शेजारच्या फिलिपिनो बाईंनी एकदा आईला विचारलं होतं, तुमच्यात पहाटे टाळ्या वाजवून प्रार्थना करतात का? आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तिनं हसून मान डोलावली. पुढं कित्येक वर्षं त्या बाई आम्हाला फार देवभोळं कुटुंब समजत होत्या.

अप्पा दहावीपर्यंत शिकलेले. बार्शीजवळच्या गावातून साखर कारखान्यात वेल्डरच्या हाताखाली गेले, तिथून इकडं. पहिली वर्षं कॅम्पात, एका खोलीत आठ जण. मग पाइपफिटर, मग फोरमन, मग सुपरवायझर, आणि तेव्हा कुठं फॅमिली क्वार्टर मिळालं. आमच्या घराण्यात कॉलेजचं सर्टिफिकेट पहिल्यांदा माझ्या नावाचं आलं. हे मी मान खाली घालून सांगत नाही, कधी सांगितलंही नाही. पण त्या सर्टिफिकेटच्या आधी एक दिवस आहे, आणि तो लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुढं जाणार नाही.

अप्पांचा धंद्यातला एक नियम होता. पाइप कापताना मापापेक्षा जास्त ठेवायचा. जास्तीचा घासून कमी करता येतो, कमी पडला तर भंगारात जातो. या जास्तीला ते मार्जिन म्हणत, आणि घरातही सगळ्याला मार्जिन असायचं. माझ्या गणवेशाला दुमडपट्टी चार बोटं, कुकरमध्ये दोन माणसांचा भात जास्त, विमानतळावर चार तास आधी. आणि बूट. दर वर्षी ते मला फरशीवर उभं करायचे, खिशातून वेल्डिंगचा पांढरा खडू काढायचे, पावलाभोवती रेघ मारायचे, स्टीलच्या टेपनं मोजायचे आणि दोन सेंटीमीटर वाढवायचे. "वाढतं वय हाय," म्हणायचे. पुढं कापूस कोंबून मी वर्षभर चालायची. बूट मापाला यायचा तेव्हा तो फाटलेला असायचा. तरी त्या रेघेची मला गंमत वाटायची. अप्पा गुडघ्यावर बसलेले, एका हातानं माझा घोटा धरलेला, खडू करंगळीपाशी आला की गुदगुल्या. आठवड्यातल्या सहा दिवसांत ते मला एवढे जवळ कधी मिळायचे नाहीत.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी साठेकाका म्हणाले, "अहो माने, एकदा चला तरी आमच्याबरोबर! दरवर्षी आमची झाडं सांभाळताय, एकदा बर्फ बघा." साठेकाका अप्पांच्या वरचे इंजिनिअर, पुण्याचे, मनानं चांगले. अप्पांनी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्याला काय करायचंय बर्फात?" अप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "वैशीला जायचंय." मी कधी बोलले नव्हते. त्यांना कसं कळलं ते मला अजून ठाऊक नाही.

मग तयारी सुरू झाली. आईनं दोह्याहून लोकर आणून प्रत्येकाचे दोन-दोन जोड मोजे विणले. अप्पांनी शुक्रवारी हॉलमधला एसी सोळावर लावला, आम्हा दोघींना स्वेटर घालायला लावले आणि खुर्चीवर बसून घड्याळ लावलं. "अर्धा तास. सवय व्हाय पायजे." वीस मिनिटांत आईला शिंका सुटल्या. "खलास," ती म्हणाली, "तिथं जाऊन मरेन, इथं कशाला?" आणि चहा टाकायला गेली.

बूट आणि स्की, म्हणजे पायाला लावून बर्फावरून घसरायच्या पट्ट्या, तिथल्या दुकानात भाड्यानं मिळतात, पण आधी मापं कळवायची असतात, म्हणजे गेल्या गेल्या जोड तयार मिळतो. साठेकाकांनी फॉर्म पाठवला. मी कॉम्प्युटरसमोर बसले, अप्पा मागं उभे. नाव, वय, उंची. वजनापाशी आई अडली. "परक्या दुकानदाराला वजन कशापायी?" तिनं पाच किलो कमी सांगितलं आणि मीही तसंच लिहिलं. पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये हवी होती. अप्पांनी खडू काढला. आम्ही तिघं ओळीनं हॉलच्या फरशीवर उभे राहिलो आणि तीन जोड पावलं उमटली. मोजून झाल्यावर अप्पा म्हणाले, "दोन-दोन वाढव. दोन मोजे घालायचेत, त्यात वैशीचं वाढतं वय."

"अप्पा, माझं पाऊल वर्षभर वाढलेलं नाही."

"म्हंजी काय वाढायचंच न्हाई व्हय? लिही."

मी लिहिलं.

निघायच्या दिवशी आई किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिली. सातही घरं बंद होती. सगळे गेलेले. ती जरा वेळ गल्लीच्या या टोकाला, त्या टोकाला बघत राहिली आणि मग किल्ली पर्समध्ये टाकून चेन लावली. आल्प्समध्ये आठवडाभर ती किल्ली तिच्याबरोबर होती. दिवसातून चारदा ती पर्स चाचपायची.

दुकान बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी होतं. आत ओल्या लोकरीचा, रबराचा, मेणाचा वास. भिंतीला स्की उभ्या रचलेल्या, मधे लांब बाकं. बूट चढवून द्यायला एक म्हातारा होता, पांढरी दाढी, अप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा. साठ्यांचं झालं आणि तो आमच्यासमोर आला, जमिनीवर गुडघे टेकले आणि त्यानं आईच्या पावलाला हात घातला.

"अगं बाई!" आईनं दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

अप्पा ताडकन उठले. पांढऱ्या केसांच्या माणसानं आपल्या पायांशी बसून पावलं हातात धरायची, हे त्यांना बघवेना. "नो नो सर," ते म्हणाले, "यू सीनियर. आय डू." त्यांनी म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं, हात जोडले आणि स्वतः खाली बसले. आधी आईचे बूट चढवले. आईनं पदर नसताना पदराच्या जागी हात नेला आणि पुटपुटली, "अहो, लोक बघतायत." मग माझे. त्या बुटांना लोखंडी खटके असतात, अप्पांनी ते कामावरचे क्लॅम्प आवळावेत तसे एकेक करून आवळले. म्हातारा बाजूला उभा राहून हसत होता, वाईट हसत नव्हता. त्याचं काम असं होतं की हातानं दाबून बूट मापाचा आहे की नाही बघायचं, आणि ते आम्ही त्याला करू दिलं नव्हतं. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, अंगठा पुढं टेकतोय का? दारात ईशा हेल्मेट घालून उभी होती. "वैशाली, कम ऑन, यार." मी म्हाताऱ्याला म्हटलं, हो, अगदी बरोबर आहे.

चार पावलं टाकली तेव्हा टाच आतल्या आत वर उचलली जायची आणि धाडकन खाली आपटायची. घडाक, घडाक. म्हाताऱ्यानं आवाजावरून ओळखलं. त्यानं मला परत बोलावलं, बसवलं, या वेळी कुणाला न विचारता बूट काढला, माझ्या पायातला वरचा मोजा काढला. मग बुटाचं आतलं अस्तर बाहेर ओढलं, नुसत्या कवचात माझं पाऊल ठेवलं आणि टाचेमागं बोटं घातली. दोन बोटं जायला हवीत, चार जात होती. त्यानं ती चार बोटं आम्हा सगळ्यांना दाखवली. सैल बूट घालून उतारावर गेलीस तर पाय एकीकडं आणि स्की दुसरीकडं जाईल, तो म्हणाला. मग आमच्या फॉर्मचा कागद हातात घेऊन त्यानं सहज विचारलं, माप कुणी घेतलं?

दुकानात साठे कुटुंब उभं होतं, रांगेत आणखी दहा-बारा माणसं होती. मी इंग्रजीत म्हटलं, "माय फादर. सॉरी, ही इज नॉट एज्युकेटेड."

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. सॉरी मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं. वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावत आले की अप्पांना कळलं नसेल. पण अप्पांनी वीस वर्षं इंग्रजांच्या आणि फिलिपिनोंच्या हाताखाली काम केलं होतं. बाकी काही कळो न कळो, तो एक शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर ते त्या रकान्यापाशी अडले होते.

ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघत होते. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "तू बघ गं वैशे. तुला कळतं." आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले. म्हाताऱ्यानं लहान मापाचे बूट आणले, माझं पाऊल हातात धरलं. या वेळी अप्पांनी त्याला उठवलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी स्वतःचे बूट, स्की, काठ्या काउंटरवर ठेवल्या. गुडघा दुखतोय म्हणाले. "अहो माने, इतक्या लांब येऊन?" साठेकाका म्हणाले. आईनंही आपला जोड परत केला, तिला तर सुटल्यासारखं झालं.

बाहेर पडल्यावर अप्पा उतारासमोरच्या बाकावर बसले, आणि साठेकाकूंनी आपल्या घरातल्या चौघांच्या चालायच्या बुटांची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली. "भावजी, तुम्ही इथंच आहात ना?"

"हाय की," अप्पा म्हणाले.

मी ज्यासाठी गेले होते ते काही मिळालं नाही. ईशा आणि तिथं भेटलेल्या तिच्या मैत्रिणी तारेवरच्या पाळण्यातून वर गेल्या. "बिगिनर्स आर डाउन हिअर, ना? लंचला भेटू," ईशा म्हणाली, आणि जेवायला ती कधी खाली आली नाही. मी पायथ्याच्या छोट्या उतारावर पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, घसरत खाली यायचं, पडायचं, उठायचं. पोरं रडायची, त्यांना उचलायला त्यांच्या आया यायच्या. बर्फात आवाज मरतो. अल खोरच्या रिकाम्या गल्लीत निदान वारा होता. तिथून मला खालचं बाक सरळ दिसायचं. करड्या जाकिटातले अप्पा, शेजारी बुटांची पिशवी, हात मांडीवर. आई खोलीत झोपून असायची. दुपारी ती दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची, आणि आम्ही तिघं त्या बाकावर बसून खायचो. चटणीचा लाल डाग बर्फावर पडला की अप्पा पायानं वर बर्फ ओढायचे.

तिसऱ्या दिवशी मी जरा वरून सुटले आणि वेग आवरेना. खाली बघितलं तर अप्पा बाकावरून उठलेले. दोन्ही हात समोर, तळवे खाली, हळूहळू दाबत होते. क्रेनवाल्याला खुणा करायची त्यांची पद्धत होती ती. सावकाश, सावकाश, आता थांब. मला ती खूण लहानपणापासून ठाऊक होती. भोवती लोक होते. मी मान फिरवली, आणि पडले. तोंडात बर्फ गेला. वर बघितलं तेव्हा अप्पा चार पावलं पुढं आलेले होते. एरवी ते धावत आले असते. ते तिथंच थांबले, मी उठतेय हे बघितलं, आणि मागं जाऊन बाकावर बसले.

घरी आलो तेव्हा हॉलच्या फरशीवर पांढऱ्या रेघांची तीन जोड पावलं तशीच होती. आईनं पर्समधून किल्ली काढून हुकावर लावली आणि दुसऱ्या दिवशी फरशी पुसली.

त्यानंतर अप्पांनी माझं माप कधी घेतलं नाही. बुटांचं नाही आणि कशाचंच नाही. पुण्यात कोणत्या कॉलेजात, कोणती शाखा? "तुला कळतं." ही नोकरी की ती? "तुला कळतं." मुलगा दाखवायला आणला तेव्हाही तेच. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझे वडील किती पुढारलेले! सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत वाचलं, कारखान्यातल्या जुन्या दोस्तांना फोन करून सांगितलं, पेढे वाटले. त्यांना अभिमान नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मोठी होणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला ते बाक दिसतं. मी उतारावर, ते खाली, आणि मधे कुणीच नाही.

आता मीही अल खोरलाच राहते. इंजिनिअर म्हणून आले, बस न घेता गाडी चालवत रास लफ्फानला जाते. आई जाऊन दोन वर्षं झाली. थंडीत अप्पा माझ्याकडं येऊन राहतात. गुडघे खरंच गेलेत आता. यंदा माझा नवरा आणि आमची अकरा वर्षांची सई, दोघांनी बर्फाचा हट्ट धरला. मी अप्पांना म्हटलं, तुम्हीही चला. "मी हाय की हितं," ते म्हणाले, "झाडांचं कोन बघंल?" शेजारच्या दोन घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडं आधीच आलेल्या होत्या.

काल संध्याकाळी भाड्याचा फॉर्म भरायला बसले. मोबाइलवरच असतो आता. सईच्या पावलाच्या लांबीशी आल्यावर माझा हात थांबला. अप्पा सोफ्यावर बातम्या बघत होते.

"अप्पा, सईचं माप किती लिहू?"

"तू बघ. तुला कळतं," ते टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

मी म्हटलं, "नाही कळत, अप्पा. तेव्हाही कळत नव्हतं. तुम्ही घ्या माप."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. खडू नव्हता, सईची पेन्सिल घेतली. गुडघे वाकेनात म्हणून जमिनीवर सरळ बसले, पाय पसरून, आणि सईला फरशीवर उभं केलं. एका हातानं तिचा घोटा धरला. पेन्सिल करंगळीपाशी आली तशी ती किंचाळली, "आजोबा, इट टिकल्स!" "हलू नगंस, बाय," ते म्हणाले. रेघ पुरी केली, टेप लावली, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

"साडेबावीस."

मी वाट बघत होते. माझा अंगठा मोबाइलवर तसाच होता. "मार्जिन?" मी विचारलं.

अप्पांनी टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. "ह्या बुटाला मार्जिन नसतं," ते म्हणाले. "टाचेमागं दोन बोटं, बास. त्या म्हाताऱ्यानं दावलं हुतं की."

मी साडेबावीस लिहिलं.